हेडफोनची डावी बाजू

नारायणगाव,
सोमवार, ८ सप्टेंबर २००३

प्रिय प्रज्ञा,

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुला शेवटचं पत्र मी लग्नाआधी लिहिलं होतं, आणि त्यातल्या उपमा तू माहेरच्या, मढच्या मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवल्या होत्यास, हे मला संसाराच्या सातव्या वर्षी कळलं. म्हणून या पत्रात उपमा नाहीत. या पत्रात हेडफोन आहेत.

दहा ऑगस्टच्या रविवारनंतर तुझा फोन नाही. चार रविवार कोरडे गेले. पहिल्या कोरड्या रविवारनंतर दोनदा मीच तिकडे डब्लिनला, तुझ्या नर्सेसच्या वसतिगृहात फोन लावला, तर तिथल्या आयरिश बाई बरंच काही बोलल्या आणि त्यातलं 'ड्यूटी' एवढं मला उमगलं. मी स्वतःची समजूत घातली की दोष लाइनीचा. दोन महिने तुझा आवाज विहिरीच्या तळातून येत होता (ही उपमा नव्हे, तक्रार आहे). ओरडून ओरडून तू बिचारी कंटाळली असशील. तेव्हा फोन सोडायचा आणि जूनमध्ये आपल्या लेकीने, संघमित्राने पुण्याहून आणून बसवलेल्या कॉम्प्युटरवरून बोलायचं, असं मी ठरवलं. तू तिथल्या इंटरनेट कॅफेत, मी आपल्या पुढच्या खोलीत. मध्ये फक्त चांगला हेडफोन हवा.

स्टँडजवळच्या गोरखचं दुकान तुला आठवत असेल. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर. त्याच्या मते हेडफोन तीन जातींचे: कानात घुसणारे, कानावर बसणारे आणि कान गिळणारे. मी मधल्या जातीचा घेतला. घरी येऊन साउंड कार्डाच्या हिरव्या भोकात पिन खोचली आणि शाळेच्या पाठांतर स्पर्धेची सीडी लावली. ती आम्ही दोन माइक ठेवून केली होती, डावीकडे मुली, उजवीकडे मुलं. मुलं खणखणीत. मुली गायब. तिसऱ्या दिवशी गोरखकडे गेलो, तर तो म्हणाला, "सर, हेडफोन हलका व्हता, म्या बोललो नव्हतो का? कान झाकणारा घ्या."

पुण्याच्या तपकीर गल्लीतून लेकीकरवी तोही मागवला. भरगच्च, मऊ गादीचा, डोक्यावर ठेवला की माणूस वैमानिक दिसतो. तरीही मुली गायब. मग गोरखने कार्डावर ठपका ठेवला. नवं साउंड कार्ड बसवलं, मुली गायब. मी शास्त्र वाचायला बसलो. एका इंग्रजी मासिकातून कळलं की हेडफोनच्या तारेला रोध असतो आणि तो फार असेल तर साध्या कार्डाला आवाज रेटवत नाही. मी गोरखला ते समजावलं तेव्हा तो माझ्याकडे तू पाहायचीस तसा पाहत होता. एकूण दोन आठवडे मी त्या यंत्राशी भांडलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. शाळेतून आल्यावर कोणाशी तरी भांडण उरलेलं असायचं.

शेवटी गेणभाऊ आला. तोच आपला शेजारी, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांवर वायरिंग करणारा. कांद्याची पिशवी द्यायला आला आणि माझ्या डोक्यावरचं शिरस्त्राण बघून थबकला. सगळी कथा ऐकून त्याने कार्डाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "सर, आमच्यात लई सोपं आसतंय. तार बिघाडली का डबा, कळंना झालं का दोन्ही टोकं आदलाबदल करायची. बिघाड टोकाबरोबर गेला तर तारंत, जाग्यावर ऱ्हायला तर डब्यात. ह्यो उलटा घाला बरं." एम.ए.ला तर्कशास्त्रातल्या ज्या अन्वय-व्यतिरेकाची टिपणं मी रात्ररात्र घोकली, तो हा माणूस पिशवी खाली न ठेवता सांगत होता. मी हेडफोन उलटा घातला. मुली आल्या. उजव्या कानात, स्पष्ट, एकेक जोडाक्षर वाजवत. आणि मुलं गेली.

मी म्हणालो, म्हणजे बिघाड जागेवरच राहिला. गेणभाऊने पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "व्हय सर. डब्यात."

मंचरच्या कानाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जास्त वेळ घेऊन. डाव्या कानाची नस गेली आहे. वर्षभर हळूहळू जात असणार, परत यायची नाही. उजवा कान ठणठणीत आहे. घाबरू नकोस. नर्सबाई म्हणून जे प्रश्न तुझ्या मनात आले असतील, ते सगळे मी त्यांना विचारले, आणि उत्तरांचा कागद सोबत जोडला आहे.

शाळेत माझ्या डाव्या हाताला मुली बसतात. यंदा मुली तोंडातल्या तोंडात म्हणतात, अशी तक्रार मी स्टाफरूममध्ये किती वेळा केली असेल. खोडदच्या समृद्धी नावाच्या मुलीला मी एकच श्लोक पाच वेळा म्हणायला लावला होता. पाचव्यांदा तिचे डोळे भरले तरी मी म्हणालो, "मोठ्याने." परवा वर्गात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ना सर." ते मला ऐकू आलं, कारण मी तिच्या बाकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा होतो.

तुझा फोन मी डाव्या हातात धरतो, प्रज्ञा. का, ते तुला माहीत नाही. उजव्या हातात लाल पेन असतं. तू डब्लिनमधून बोलत असायचीस आणि मी नववीच्या वह्या तपासत असायचो. तुझा आवाज पुसट झाला तेव्हा मी हात बदलला असता तर सगळं पहिल्याच रविवारी कळलं असतं. पण माझ्याकडे दोन-तीन वाक्यं तयार होती, ती कुठेही बसायची. "वा, छान." "जेवलीस का?" आणि, "तुझ्या मनाला येईल ते कर, इकडे माझं छान चाललंय."

गेल्या शनिवारी संघमित्रा आली. मी तिला हेडफोनची गंमत रंगवून सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "पप्पा, दहा तारखेला आईने तुम्हाला काय विचारलं, ते तरी ऐकलंत का?" आणि मग तिने सांगितलं. करार संपतोय, तीस सप्टेंबरच्या आत आणखी दोन वर्षांची सही करायची आहे. तू विचारलंस की सही करू, की परत येऊ. आणि मी म्हणालो, तुझ्या मनाला येईल ते कर, इकडे माझं छान चाललंय. तो फोन ठेवून तू संघमित्राला फोन लावलास आणि रडलीस.

हे कळल्यावर फोनकडे धावायला हवं होतं. रिसीव्हर उजव्या हातात घेतलाही. मग खाली ठेवला. कारण दोन दिवस एकच प्रश्न छळतोय: दोन्ही कान शाबूत असते, तर मी वेगळं काही बोललो असतो का? तू निघालीस तेव्हा कान धड होते, आणि विमानतळावरही मी हेच वाक्य बोललो होतो. तिथे जायची तुझी हौस मोठी होती, तिच्या आड मी येऊ नये म्हणून. फोनवर पुन्हा तेच तोंडात येईल, याची भीती वाटते. ते इतकं गुळगुळीत झालंय की आपोआप निसटतं. कागदावर ते मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलंय. लाल पेनने.

तर खरं लिहितो. इकडे माझं छान चाललेलं नाही. सकाळी कुकरमध्ये सवयीने दोघांचा भात लावतो, संध्याकाळी तोच खातो. मढला जायचं टाळतो, कारण तुझी आई दारातच विचारते, "पावणं, पोरगी कवा यायची?" आणि मला ते स्पष्ट ऐकू येतं. गेणभाऊने हेडफोनच्या दोन्ही तारा जोडून सगळा आवाज उजवीकडे आणून दिलाय. दर रविवारी साडेसहाला तो घालून मी बसेन, तुझ्याकडे तेव्हा दुपारचे दोन असतील. पेन कपाटात असेल. तुला तिथे राहायचं असेल तर तसं सांग, मी पूर्ण ऐकेन. पण तू मला विचारलं होतंस, आणि माझं खरं उत्तर एवढंच होतं: सही करू नकोस. ये.

तुझाच,
बुद्धभूषण