घरगुती गाड्यांचा गट

२६ जानेवारी
...आणि हे जीपच्या टपावर चढून ओला फडका मारायचे, मी सीटा झाडायची, तेवढ्यात आत चहा उतू जायचा. रोजचीच सकाळ. हे गेल्यापासून शिरपूर-केनवड सवाऱ्या मीच नेते.
आज दीर संघपाल म्हणाला, "वयनी, हे डबडं भंगारात द्या न आता. कायले जीव लावून राह्यल्या?" जीप कागदावर त्याची. डोकं फिरलं. ९ फेब्रुवारीला माळावर गाड्यांची शर्यत आहे. पैज लावली: जिंकले तर जीप माझ्याकडे, हरले तर भंगारात. हसला. हसू दे.

२९ जानेवारी
नाव द्यायला गेले. आयोजक धरमसिंग म्हणतो, "शर्यत हाय बाई, वऱ्हाड नाही!" अकोल्याच्या गाड्या दाखवल्या. दारं नाहीत, मागच्या सीटा नाहीत, आत लोखंडी पिंजरा. बाजारातून मेथीची जुडी आणायच्या कामाच्या नाहीत! पळण्यासाठीच बनवलेली गाडी पळाली, यात कौतुक कसलं?
ह्यांची मोटारीची जुनी मासिकं मी कितीदा वाचलीत. परदेशात शर्यतीच्या आणि रस्त्यावरच्या गाड्या एकाच वेळी पळतात, बक्षिसं वेगळी. तासभर भांडले. शेवटी 'घरगुती गाड्यांचा गट' निघाला. गटात दोघंच: मी आणि फय्याजची छोटी कार. पैज आता या गटावर. संघपालही कबूल. जिंकलेच म्हणायचं.

२ फेब्रुवारी
रोज सराव करायचा. आज सवाऱ्या होत्या. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
सवाऱ्या. मुरलेल्या ड्रायव्हरला सराव कशाला?

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
पिंजरेवाले पुढे गेले. जाऊ देत. माझ्या गटात मीच पुढे, फय्याज मागे धुळीत. शेवटच्या वळणावर पंचफुलानं हात केला. रोजची सवारी. पाय आपोआप ब्रेकवर. "बस लवकर," असंही मी म्हणाले म्हणे.
ती ओरडली, "अवं, मी टाटा करून राह्यली होती! थांबली काहून?"
फय्याज निघून गेला.
माझी चूक नाही. शर्यतीत कडेच्या लोकांनी हात वर करू नये, असा नियमच पाहिजे. धरमसिंगला तोंडावर सुनावलं. पंचफुलाला आता कधीच गाडीत घेणार नाही. पायी जाऊ दे केनवडला.

१० फेब्रुवारी
जीप वाशीमला भंगारवाल्याकडे मीच नेली. जाताना चार सवाऱ्या घेतल्या. पुढच्या सीटवर पंचफुला.