सार्डिनच्या कारखान्यातला खून आणि मी

४ मार्च, सकाळी सात.
बंदरावरच्या, सार्डिन मासे डब्यात भरायच्या बंद कारखान्यात सिनेमा होतोय. गोष्ट १९२६ सालची, मुकादमाचा खून. पॅरिसच्या दिग्दर्शिका लुसिलबाईंनी मला सल्लागार नेमलं. तीस वर्षं इतिहास शिकवलाय, दुसरं कोण? बिनपगारी. संकल्प : एकही चूक पडद्यावर जाणार नाही.

६ मार्च.
कामगार बायकांच्या टोप्यांची लेस चूक. बटणं चूक. जेवणापर्यंत चौतीस चुका. लुसिलबाई म्हणाल्या, सर, बोलू नका, लिहूनच द्या. शब्दाला वजन आलंय.

७ मार्च.
एकवीस पानं दिली. त्यांनी कॉफीच्या कपाखाली जपून ठेवली.

९ मार्च.
कामगार बायका म्हणून गावातल्याच म्हाताऱ्या घेतल्यात. त्यातल्या सोलांजबाई, वय ब्याऐंशी. मासा कापताना कसा धरायचा ते त्यांना शिकवलं. म्हणाल्या, मास्तर, असा धराल तर बोट जाईल. मी पुस्तकातला फोटो दाखवला. तर म्हणे, ही माझी आई. फोटोवाल्याने तसं धरायला लावलं होतं, मरेपर्यंत हसायची त्याला.
तोंडी पुरावे बेभरवशाचे.

१२ मार्च.
प्रेत सापडतं, बायका स्तब्ध उभ्या राहतात, असा प्रसंग. सोलांजबाई मध्येच म्हणाल्या, हात कशाला थांबतील? मासा सडेल की! आणि तो मुकादम मेल्यावर तर गायल्याच असत्या. मी कागदोपत्री आधार मागितला. लुसिलबाईंनी गायला लावलं. हात चालू, गाणं चालू, मध्ये प्रेत. सगळं युनिट रडलं. माझ्या डोळ्यांत खारं पाणी उडालं होतं.

१३ मार्च.
बढती. मोटारी उभ्या करतात तिथे नेमणूक. आधुनिक काळ चित्रात घुसू द्यायचा नाही, जोखमीचं काम. बायकोने विचारलं, पिवळं जॅकेट दिलं का? दिलं.

२ ऑक्टोबर.
गावात सिनेमा दाखवला. शेवटी नावं. ऐतिहासिक सल्लागार : सोलांज केर्वेला. मी वाहनव्यवस्थेत, तेही नाव चुकवून. खून कोणी केला ते लक्षात नाही. गाणं लक्षात राहिलं.

३ ऑक्टोबर.
सोलांजबाईंकडे गेलो. विचारलं, कामावर बायका गायच्या कशाला? म्हणाल्या, झोप लागू नये म्हणून. मासा आला की अठरा-अठरा तास उभं राहायचं. डुलकी लागली की बोट गेलंच. मग म्हणाल्या, तीस वर्षं कारखान्यासमोरच्या शाळेत होतात मास्तर, आज विचारताय?
वही उघडली. तर म्हणे, आत्ता नको, टीव्हीवाले येतायत, गुरुवारी या.
गुरुवारी मी मोकळा आहे. तसा रोजच असतो.