पाठीवरची गिरकी

ब्राँक्स, १२ जून १९७८

ती. हेरिबेर्तोदादास नेरेइदाचा सा. न. वि. वि.

तुझ्या हॉस्पिटलात सोळा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून हे पत्र. आगीनंतर आम्ही मावशीकडेच आहोत. आईला खिडकीतून उतरवून मग तू उडी मारलीस, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि रडते.

शनिवारी शाळेच्या पटांगणात, रेकॉर्डमधला नुसत्या ढोलांचा तुकडा लागताच क्लिफ्टनने पुठ्ठ्यावर तुझी गिरकी मारली. पाठीवर गरगर फिरून शेवटी एका हातावर थांबायची, तीच! मी त्याला तोंडावर चोर म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही पोर्तोरिकोवाले सगळा नाच आम्हा काळ्यांकडून शिकलात, तेव्हा चोर कोण होतं? आता आपली पोरं त्याला गाठणार आहेत. बेनी साखळी घेऊन फिरतोय. तू लवकर बरा हो आणि नाचूनच त्याला हरव.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
नेरेइदा

२० जून

चि. नेरेइदास अ. उ. आ.

डॉक्टर काल बोलले. माझे पाय आता चालणार नाहीत. आईला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं म्हणे. तुला माहीत होतं का, ते विचारत नाही.

क्लिफ्टन खोटं बोलला नाही. झपझप पाय टाकायला मला त्याच्याच थोरल्या भावाने शिकवलं. गिरकी मात्र माझी. हिवाळाभर जिन्याखाली पाठ सोलून काढलीय. पण आता ती मारणार कोण? बेनीला म्हणावं, साखळी टाक. आणि क्लिफ्टनला इकडे पाठव, तो सोळाचा झालाय, त्याला आत सोडतील.

तुझा दादा

३ जुलै

ती. दादास सा. न.

माहीत होतं रे. लिहायला हात धजला नाही.

क्लिफ्टनला हा सापळा वाटला. शेवटी आईच त्याच्या दारात गेली. म्हणाली, बसमध्ये मी शेजारी बसते, बेनीने आधी मला मारावं. रविवारी दोघं निघतील.

माया कमी करू नकोस.
नेरेइदा

१० जुलै

चि. नेरेइदास अ. उ. आ.

क्लिफ्टन आला. स्टूल ओढून खाटेजवळ बसला. मग म्हणाला, गिरकीच्या शेवटी हात सटकतो. मी म्हटलं, गाढवा, कोपर पोटात रुतव आणि श्वास सोड. दोन खाटांच्या मध्ये त्याने करून पाहिलं. नर्स ओरडली. तिसऱ्यांदा थांबला, अगदी स्थिर, पाय वर. मी त्या पायांकडे बघत राहिलो.

निघताना म्हणाला, दर वेळी तुझं नाव घेईन. मी म्हटलं, नाव नको, माझ्या बहिणीला शिकव.

शनिवारी पटांगणात जा. तो वाट बघेल. तो गेल्यावर मी पहिल्यांदाच रडलो, आणि मग जेवलो.

तुझाच,
हेरिबेर्तो