मुहूर्त साधला, कर्ज अडलं

खटकचिंचोळी, ता. भालकी
दि. ९ ऑक्टोबर २००९

मादन हिप्परग्याचे आमचे सन्माननीय व्याही माणिकराव यांस लिंगाप्पाचा नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? विहीणबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा. आम्ही इकडे ठीक. (ठीक म्हणजे अन्न पचतं, झोपेचं विचारू नये.)

आपली लेक, आमची सून रूपा, संगणक शिकवणीचं केंद्र काढायलीय हे आपणांस ठाऊक आहेच. हैदराबादची कंपनी स्वतःचं नाव, पुस्तकं आणि परीक्षा देते. खोली आणि कष्ट आपले. याला फ्रँचायजी म्हणतात. त्यासाठी आणि सहा संगणकांसाठी रूपानं बँकेत सरकारी योजनेतलं कर्ज मागितलं. सरकारच हमी घेतं, शेत तारण ठेवावं लागत नाही. आपला जावई मल्लेश पुण्याहून फोनवर म्हणाला, "अप्पा, तुम्ही यात फक्त सही करा." मी सही केली. तिथंच थांबायला हवं होतं.

पण मध्ये दसरा आला. माणिकराव, पाटीपूजन न करता विद्येचं दार कुणी उघडलंय का? एकतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस मी. (पाटीवर एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती, झेंडूच्या पाकळ्या, आणि चाळीस पोरांनी एका सुरात म्हटलेली कविता! आता शाळेत कविता पाठ करायला लावत नाहीत म्हणे, नुसती प्रश्नोत्तरं.) रूपा कागदांसाठी बीदरच्या खेपा घालत होती. मी रिकाम्या खोलीत पाटी मांडली, नारळ फोडला, दारावर खडूनं 'शुभारंभ' लिहिलं, आणि शकुनाला पाच पोरांची नावं वहीत चढवली. संगणक नव्हते, म्हणून कविता शिकवली. पोरं रोज यायला लागली. आणि खरं सांगतो, फार दिवसांनी मलाही सकाळ कधी होते असं वाटायला लागलं.

मंगळवारी बँकेचे साहेब खोली पाहायला आले. शेजारी नागूबाई भाजीची टोपली मांडून बसलेली. साहेबांनी तिला विचारलं, सेंटर कधी उघडणार? बाई हात नाचवून म्हणाली, "उघडणार कामून? दसऱ्यापासून चालूच हाय की! पोरं अशी वरडायलीत, गिऱ्हाईकाला भाव दोनदा सांगावा लागायलाय." साहेबांनी वही पाहिली, दारावरचा शुभारंभ पाहिला (अक्षर माझं, वळणदार) आणि मान हलवली. "मास्टरसाब, ये स्कीम नए धंदे की है. ये तो चालू हो गया!" मी म्हटलं, साहेब, चालू झाली ती कविता. ते म्हणाले, "फॉर्म में कविता का खाना नहीं है."

संध्याकाळी रूपानं वही वाचली. ओरडली असती तर बरं. एवढंच म्हणाली, "मामा, महिनाअखेर पैसे न्हाई भरले तर कंपनी ही शाखा भालकीच्या माणसाला द्यायलीय." सत्तरीत नव्यानं चूक करायलाही दम लागतो. थकलोय, माणिकराव.

आपला,
लिंगाप्पा

ता.क. : रूपा काल बँकेत जाऊन आली. फी घेतली नाही, संगणक आलेला नाही, असं लेखी दिलं. साहेब सोमवारी पुन्हा येणार. तोवर खोलीत शिकवणी दिसता कामा नये. मी स्वतः कुलूप घातलं. पोरं आता आमच्या ओट्यावर यायलीत, तीही अकरा झाली.

ता.क. दुसरा : म्हणून रूपा म्हणते, "मामा, कर्ज हातात पडेपर्यंत तुम्ही माझ्या माहेरी जा." मुलाच्या बापानं सुनेच्या माहेरी मुक्काम ठोकावा हे शोभत नाही, जाणतो. मानपान नको, टॉवेल-टोपी नको. ओसरीवर एक घोंगडी पुरे. सोमवारी तिचा फोन आपल्याकडेच येईल. तो आपण उचला, माझ्यात तेवढं बळ नाही.

ता.क. तिसरा : पोस्टाला चार दिवस लागतात, म्हणून पत्र मीच घेऊन निघालोय. आपलं वाचून होईपर्यंत दारात उभा राहीन. सावकाश वाचा.