अण्णांचं दार

५ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. अण्णांचं दुखणं बरं होणारं नाही, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांना सांगितलंच आहे. पण दुखू न देणं हातात आहे, असं म्हणून त्यांनी घरी येऊन बघणारी एक सिस्टर शोधून दिली. तिनं औषधांच्याही आधी अण्णांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? अण्णा म्हणाले, घर सोडायचं नाही.

मग तिच्या संस्थेनं डोक्याकडून वरखाली होणारी लोखंडी खाट पाठवली, आणि ती दारात अडकली! चौकटीचं वरचं लाकूड आखूड निघालं म्हणून अण्णांनी दारच अरुंद केलं, आणि आपण जन्मभर कपाटं खिडकीतून घेतली. एवढा नावाजलेला सुतार, आणि दिव्याखाली अंधार! खाट अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि अण्णा खुर्चीत पोट धरधरून हसतायत. कित्येक महिन्यांनी हसले रे. शेवटी खाट व्हरांड्यातच लावली. पडदे बांधलेत, काळजी नको.

तुझी ताई

१२ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. अण्णा म्हणजे काय सामान आहे, व्हरांड्यात उतरवून ठेवायला? घरी ठेवणं म्हणजे हात टेकणं. इथे मोठं हॉस्पिटल आहे. रविवारी गाडी घेऊन येतो, त्यांची पिशवी भरून ठेव. तू लहानपणापासून त्यांच्याच बाजूची, म्हणून आधीच सांगतो, मध्ये पडू नकोस.

रागावू नकोस. मला भीती वाटते गं.

तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडी रिकामीच परत आणली, आणि वाटभर शीळ घालत होतो. एका दिवसासाठी आलो होतो, दोन आठवडे काढले!

मला वाटलं होतं, अण्णा कण्हत पडले असतील. बघतो तर उशांना टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेतायत. मी हॉस्पिटलचं नाव काढलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, की तिथून रस्ता दिसेल का. मी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. सिस्टरनं चादरीला धरून कुशीवर वळवायला शिकवलं, तेव्हा म्हणाले, बापाला वळवतोयस की फळी उलटतोयस? समोरच्या वहिनी कुंपणाशी उभ्या राहून सगळं शिकल्या. त्यांच्या सासूबाईही अंथरुणाला खिळल्यात, त्यांनाही हीच सिस्टर हवीय म्हणे.

आणि ती चौकट! ती तासून रुंद करायला मी पटाशी हातात घेतल्यापासून अण्णांनी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या मी दहावीला नापास झालो तेव्हाही घातल्या नव्हत्या. घाम गाळून दार मोकळं केलं, तर म्हणतात, आता इथंच बरं वाटतंय! पण शिव्या खाताना किती आनंद झाला म्हणून सांगू.

तुझा हरलेला धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

अण्णांना पोचवून तू परत गेलास, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. तू उशाशी होतास, मी पायाशी, आणि त्यांना दुखलं नाही. मन भरून येतं, पण बोचत नाही.

काल ती खाट समोर वहिनींकडे न्यायची होती, सासूबाईंसाठी. सिस्टर, मी आणि शेजारची मंडळी मिळून उचलली, रस्ता ओलांडला, आणि त्यांच्या दारात ती गच्च अडकली. ते दारही अण्णांनीच केलेलं! आपल्या आखूड लाकडाची चूक उठून दिसू नये म्हणून पठ्ठ्यानं अख्ख्या गल्लीला एकच माप लावलंय. आतून सासूबाई ओरडल्या, की सुतार गेला पण खोडी गेली नाही. सगळे रस्त्यातच खाली बसून हसलो. मी हसता हसता रडले, मग पुन्हा हसले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच.

सासूबाईंना काही व्हरांडा नको, त्यांना आतच राहायचंय. तेव्हा रविवारी ये. पटाशीला धार लावून ठेवलीय. लोभ आहेच, पण तो दाखवायला स्वतः येत जा. सिस्टरकडे गल्लीतल्या आणखी दोन घरांनी विचारणा केलीय, आणि दारं सगळी त्याच मापाची आहेत.

तुझी ताई