दोन सीट, दीड केबिन आणि आम्ही पाच जण

ती. मामांच्या सेवेशी,

भाच्याचा वाकून नमस्कार. (गेला दीड महिना मी वाकलेलाच आहे, त्यामुळे यात माझे वेगळे कष्ट काही नाहीत. सरळ झालो की पुन्हा एकदा रीतसर करीन.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? मामींचा गुडघा जिने चढू देतो का? रोपवाटिकेत यंदा पाणी पुरतंय ना? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे सगळे बोलतायत. न बोलणारा मी एकटाच, म्हणून लिहायला बसलो.

नवी पिकअप गाडी घेतली हे तुम्हाला बाबांकडून फोनवर कळलंच असेल. तुमचा सल्ला मानला नाही हेही त्यांनी सांगितलं असणार, कारण अशा बातम्या ते आधी सांगतात आणि स्वतःची तब्येत नंतर. "सिंगल केबिन घे, हौदा लांब बघ, माणसं काय बसनंसुद्धा जातात," असं तुम्ही म्हणाला होतात. सुतारकाम करणाऱ्याला याहून शहाणा सल्ला कुणी देणार नाही. तो का मोडला, हे सविस्तर सांगतो. चहा घेऊन बसा.

जुनी गाडी सिंगल केबिनच होती. दोन सीट, आणि मध्ये गिअरच्या दांड्याजवळ एक उंचवटा, ज्याला आम्ही अकरा वर्षं तिसरी सीट म्हणत आलो. मुली लहान होत्या तोवर एक मांडीवर, एक उंचवट्यावर असं भागलं. मग मुली वाढल्या (हे त्यांना थांबवता येत नाही), आणि आई गेल्यानंतर बाबा आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून आमच्या घराण्यात कुठेही जायचं तर दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत बाबा आणि मुली. दुसरीत ही. असं कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येक वेळी हीच म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी कुलूप लावून थांबते," आणि आम्ही पुढे व्हायचो.

हिच्या भावाचं रजिस्टर लग्न होतं. ही त्याची साक्षीदार. अकराची वेळ. मी पहिली फेरी साडेदहाला पोचवली, हिला आणायला मागे फिरलो, हिला घेतलं आणि रेल्वे फाटकात अडकलो. एक मालगाडी गेली. तिच्या मागे दुसरी गेली. मग बराच वेळ काहीच गेलं नाही, तरी फाटक उघडेना. ही नव्या साडीत पुढची काच बघत बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा नवरा-नवरी पायऱ्या उतरत होते. लग्न लावणाऱ्या साहेबांना दुसरीकडे जायचं होतं म्हणून ते थांबले नव्हते आणि हिच्या जागी साक्षीदार म्हणून बाबांनी सही ठोकली होती. (नवरीचं नाव काय, हे बाबांनी सही झाल्यावर तिलाच विचारलं.) फोटोही निघाला होता. त्यात सगळे आहेत. आमच्या धाकटीने तर डोळेही मिटलेले नाहीत, जे एरवी कधी घडत नाही.

चौथ्या दिवशी मी चौकटीला रंधा मारत होतो तेव्हा ही कारखान्यात आली, भुशात उभी राहिली आणि म्हणाली, "मला एकदा तरी सगळ्यांबरोबर पोचायचंय." एवढंच. आणि परत गेली. मामा, भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ तयार असतात.

त्याच आठवड्यात जुन्या गाडीचा गिअरचा दांडा माझ्या हातात आला. म्हणजे पूर्ण आला, मुळासकट. मेकॅनिकने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हाच मी काय ते समजलो.

हिला आणि बाबांना घेऊन शोरूममध्ये गेलो तर एकच गाडी तीन आकारांत उभी. सिंगल केबिन, हौदा आठ फूट. दीड केबिन, हौदा सहा फूट. डबल केबिन, चार दरवाजे, पाच माणसं, हौदा पाच फूट. गाडीची लांबी तीच. माणूस वाढवला की लाकूड कमी, लाकूड वाढवलं की माणूस कमी. माझी दारं सात फुटी. म्हणजे नियतीने टेप हातात धरूनच हे केलं होतं.

मी सुवर्णमध्य म्हणून दीड केबिनकडे वळलो. विक्रेता टाय लावलेला, अतिशय आनंदी माणूस होता. मागच्या अर्ध्या केबिनीत दोन मोठी माणसं आरामात बसतात, असं तो म्हणाला. माहितीपत्रकात तशी दोन माणसं हसत बसलेलीही होती, पण त्यांना गुडघे दिलेले नव्हते. मी स्वतः बसून बघायचं ठरवलं. डोकं आत गेलं, धड गेलं, पाय मात्र आधी कुठला न्यायचा यावर एकमत होईना. शेवटी छातीशी गुडघे घेऊन बसलो खरा, पण मागचं दार पुढचं दार उघडल्याशिवाय उघडत नाही, आणि पुढच्या सीटवर बाबा बसले होते. त्यांना सीट आवडली होती. रेडिओ लागत होता. मी आतून म्हटलं, "बाबा, जरा उतरा." ते म्हणाले, "बातम्या संपू देत." हवामानासकट संपू दिल्या. मग विक्रेत्याने आणि हिने मला एकेका बाजूने ओढून काढलं, तेव्हा कंबरेत जो आवाज झाला तो विक्रेत्यालाही ऐकू गेला. त्याचा आनंद तिथे पहिल्यांदा थोडा कमी झाला. डॉक्टरांनी पट्टा दिलाय. जड उचलू नका म्हणाले. मी काय काम करतो असं विचारलं, आणि मी सांगितल्यावर पट्टा एक भोक आणखी आवळला.

तरीही मी घरी येऊन तुमच्याच बाजूने भांडलो. सिंगलच घेऊ म्हटलं. हिने वाद घातला नाही. प्लायवुडचा एक तुकडा घेतला, मध्ये रेघ मारली, एका बाजूला "माणसं" लिहिलं, दुसऱ्या बाजूला "लाकूड", आणि आठवडाभर गाडी लागली की पेन्सिलने खूण केली. मुलींची शाळा, बाबांचा व्यायामाचा दवाखाना, हिची प्रयोगशाळेतली सकाळची पाळी, धाकटीचा विसरलेला डबा, मोठीचा विसरलेला कंपास. शनिवारी बघितलं तर माणसांच्या बाजूला जागा उरली नव्हती. लाकडाच्या बाजूला तीन खुणा, त्यातली एक मीच चोरून केलेली. मी म्हटलं, अगं, पण दारं न्यायची कशी? तर म्हणाली, "दार दोरीने बांधता येतं. तुमच्या वडिलांना बांधता येतं का?" बाबा पलीकडेच होते. तेही विचारात पडले.

तर अशी डबल केबिन आली. पहिल्यांदा आम्ही पाचही जण एकत्र निघालो ते हिच्या भावाच्या नव्या घरी. मामा, दोन फेऱ्यांमुळे माझ्या आयुष्यात किती शांतता होती, हे मला त्या पाऊण तासात कळलं. पूर्वी भांडणंसुद्धा वाटून यायची, आता पाचही जणांची एकाच केबिनीत कोंडली. बाबांना काच उघडी हवी, मोठीला बंद. धाकटीला दर दहा मिनिटांनी मळमळ. ही म्हणाली डावीकडे वळा, बाबा म्हणाले उजवीकडे, मी कुणाचंच मन न मोडता सरळ गेलो. रस्ता सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकापाशी संपला. पहारेकऱ्याने आत डोकावून पाहिलं, पाचही चेहरे बघितले आणि काही न विचारता परतीची वाट दाखवली. दयाळू माणूस.

पोचलो. मी बाबांना हात धरून उतरवत होतो. ही आधीच दारापाशी गेली होती, पण तिने बेल दाबली नाही. आम्ही सगळे येऊन मागे उभे राहीपर्यंत थांबली. धाकटीचे केस सारखे केले. मोजल्यासारखं एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि मग बेल दाबली. मला उगाचच गाडीची किल्ली शोधायला खिशात बघावं लागलं. किल्ली हातातच होती.

दारांचं म्हणाल तर ठीक चाललंय. हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवायचा, दोन फूट दार बाहेर, टोकाला लाल फडकं. गेल्या सोमवारी एका दातांच्या डॉक्टरांकडे दार नेलं. वळताना मागचं टोक त्यांच्या फाटकाच्या नव्या खांबाला लागलं. खांबाचा कोपरा उडाला, दाराचा टवका उडाला. डॉक्टर बाहेर आले, दोन्हीकडे बघून म्हणाले, "दोन्ही भरून निघेल." धंद्यातला माणूस.

एकंदरीत निर्णय योग्यच झाला असं माझं मत आहे. बाबांचंही आहे. पुढची सीट त्यांना पसंत आहे.

मामींना नमस्कार, रोपांना पाणी, आणि पत्रात काही चुकलं असेल तर पाठदुखीच्या खाती टाका.

तुमचा आज्ञेबाहेर गेलेला
भाचा

ता. क. : एका शाळेची अठरा दारं तयार आहेत. शाळा इथून सत्तर किलोमीटर. दोन फूट बाहेर काढून दर फेरीला तीन, अशा सहा फेऱ्या होतात, आणि माझी कंबर तीन फेऱ्यांच्या पुढे जाणार नाही. तुमची लांब हौद्याची गाडी दोन दिवस मिळेल का? (सल्ला तुमचा बरोबर होता, असं मी लेखी देत नाहीये. फक्त गाडी मागतोय.)

ता. क. दुसरा : गाडी घेऊन तुम्ही आणि मामी दोघंही या, आणि मी दारं पोचवून येईपर्यंत दोन दिवस घरी राहा. मुली शहाण्या आहेत. बाबांना बातम्या लावून द्याव्या लागतात.

ता. क. तिसरा : हे पत्र हिने वाचलं. शाळेत दारं उतरवून घ्यायला माणसं आहेत, तिच्या मदतीची तिथे गरज नाही, हे तिच्या लक्षात आलं आहे. तरी तिने प्रयोगशाळेत दोन दिवसांची रजा टाकली. बरोबर येते म्हणाली. मी म्हटलं, अगं, त्या गाडीत दोनच सीट आहेत. म्हणाली, "माहितेय."