नवसाची सुरी

भवानी पेठ, सोलापूर
ता. ३० जानेवारी १९२९

तीर्थरूप धुळादाजी यांस सिद्धनाथचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. ताप पुन्हा आला नाही. जेवण जाते, आवाजही सुटला आहे. परवा गिरणी कामगारांच्या सभेत तासभर बोललो, घसा बसला नाही. माळावर चारा उरला आहे का? मेंढरे कशी आहेत? कळवावे.

आक्का तुमचा निरोप सांगून गेली. सुरी झाली आहे. जुन्या कानशीची केली. अंगणातल्या भट्टीत लालबुंद तापवून करडईच्या तेलात बुडवली. आता इतकी कडक आहे की दुसरी कानस तिच्यावरून नुसती घसरते. मग पाठवायला उशीर का, ते लिहायला बसलो आहे.

गेल्या माघात लक्ष्मीआईच्या जत्रेत मी दगडावर उभा राहून बोललो, ते तुम्ही ऐकलेच आहे. बोथट सुरीने नवसाच्या एका बकऱ्याला तीन घाव घातले होते. मी विचारले, मुक्या जिवाचे असे हाल कोणती आई मागते? बायका रडल्या. पुरुषांनी माना खाली घातल्या. मला वाटले, जिंकलो.

आणि आता वर्षाने आक्का दारात!

"लई खरं बोललास की, सिदा. समद्या वाडीला पटलं. असलं हाल नगंत. म्हून चांगली सुरी दे."

"आक्का, मी बकरं मारू नका म्हणालो होतो!"

"व्हय, हाल करून मारू नगा म्हणालास. मी पुढंच बसले व्हते की."

दाजी, इतकी वर्षे व्यासपीठावर काढली, पण माझ्या भाषणाचा असा अर्थ कोणी काढला नव्हता. मी संतापलो. तिला तासभर सुनावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि पदराने माझे कपाळ चाचपले. तापाचे तपासतात तसे.

नवस कशाचा, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून लिहिणार नव्हतो. पण न लिहून चालत नाही. श्रावणात मी मुदतीच्या तापाने डोळे फिरवले तेव्हा तिने लक्ष्मीआईला बकरे बोलले. मी वाचलो. डॉक्टरच्या औषधाने वाचलो, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण "फेडला न्हाय तर" एवढेच ती म्हणाली आणि माझे सगळे वाचन त्या अर्ध्या वाक्यापुढे थिटे पडले.

आता जे टाळत होतो ते लिहितो. हे तिला वाचून दाखवू नका.

तेलातून काढलेली सुरी काचेसारखी असते. तिला पुन्हा हलकी ऊब देऊन तिचा ताठा उतरवावा लागतो, तेव्हा ती चिवट होते. ते मी केलेले नाही. मुद्दाम. तशीच पाठवली असती तर हाडाला लागताच तिचे दोन तुकडे झाले असते आणि वाडी म्हणाली असती, आईला बकरे नको, कौल झाला! माझ्या भाषणाने जे झाले नाही ते तुटक्या लोखंडाने झाले असते. कौल आणि शकुनांवर मी जन्मभर आग पाखडली. तोच मी घरात बसून कौल तयार करत होतो.

आणि बकरे? ते अर्धे कापलेले तडफडत राहिले असते. आणि आक्का? तिने मानले असते की आईने नवस परत केला, म्हणजे भाऊ जाणार. पुढच्या वर्षी तिने दोन बकरी बोलली असती.

काल पत्र इथेच सोडून उठलो होतो. आज सकाळी शेजारचे चन्नवीर भाता मारायला आले. सुरी घासून लख्ख केली आणि तिची पाठ तापलेल्या लोखंडी कांबीवर टेकवली. पाठीकडून निळा रंग धारेकडे सरकू लागला. धार गव्हासारखी पिवळी झाली तोच पाण्यात बुडवली. चन्नवीर मांस शिवत नाहीत. म्हणाले, "बकऱ्याच्या बाजूनं भाषण करतोस, आणि सुरी बी पक्की करतोस. तू नेमका कुणाचा वकील रे, सिद्धनाथा?"

भरल्या सभेत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

सुरी वाकवून पाहिली, मोडत नाही. कोणाच्या हाती पाठवत नाही, माघी पुनवेच्या आदल्या दिवशी स्वतःच घेऊन येतो. आक्काच्या हातात देईन आणि तिलाच सांगेन, मारू नकोस. ती ऐकेल? वाटत नाही. नाही ऐकले तर मी तिथे उभा राहीन की पाठ फिरवून चालू लागेन, हे मला आज सांगता येत नाही. रागावू नका, खरेच सांगता येत नाही.

तोवर आक्काला एवढेच सांगा, सुरी मोडणार नाही.

'आपला आज्ञाधारक' लिहायला घेतले होते. ते खोटे ठरेल, म्हणून नुसताच,

तुमचा मेहुणा,
सिद्धनाथ